एका तबकडीवर उरलेला कल्लोळ : मुंबईचा 'ॲटॉमिक फॉरेस्ट' आणि भूमिगत रॉकचा इतिहास

१/
सत्तरीच्या दशकात मुंबईत 'ॲटॉमिक फॉरेस्ट' नावाचा एक रॉक बँड होता. त्याच्या साऱ्या कारकिर्दीतून पुढच्या पिढ्यांच्या हाती लागली ती एक तबकडी. ती निघाली तेव्हा बाजारात फारशी हालचाल झाली नाही. मात्र तीन दशकांनंतर अमेरिकेतील एका कंपनीने तीच तबकडी शोधून काढली आणि पुन्हा प्रकाशित केली. ह्या धाग्यात त्या बँडची, त्याच्या काळाची आणि त्या काळाचा आवाज मराठी रंगभूमीवर ज्या वाटेने पोहोचला त्या वाटेची हकीकत आहे. तिच्या मुळाशी इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमी छळणारा एक प्रश्न आहे : ज्या गोष्टीने कागद मागे ठेवले नाहीत, तिचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा?

२/
आधी शब्दांचा उलगडा. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी 'बँड' म्हटले की डोळ्यांपुढे वरातीचे बँडपथक येते : पितळी वाद्ये, ढोल, ताशे, गणवेश. मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांसाठी त्याच शब्दाचा अर्थ साठीच्या दशकात बदलला. चार-पाच जण, दोन किंवा तीन विजेच्या गिटारी, एक ड्रमसेट आणि एक गायक. दोन्ही बँड लष्करी आणि पाश्चात्त्य परंपरेतूनच आपल्याकडे आले. परंतु एकाचे श्रोते रस्त्यावर उभे होते आणि दुसऱ्याचे तिकीट काढून सभागृहात बसलेले होते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

३/
दुसरा शब्द 'भूमिगत'. महाराष्ट्राच्या इतिहासात तो उच्चारला की १९४२ आठवते. एकीकडे नेहरू आणि त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते आणि दुसरीकडे उषा मेहता मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवत होत्या. संगीतातले 'भूमिगत' वेगळे. तिथे पोलिसांपासून लपायचे नसते. चित्रपट, आकाशवाणी आणि मोठ्या तबकडी कंपन्या ह्या तीन दरवाजांबाहेर उभे राहून वाजवायचे, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की, बाहेर उभ्या असलेल्यांची नोंद आतल्यांच्या दप्तरात सापडत नाही. इतिहासकाराची पंचाईत इथूनच सुरू होते.

४/
तिसरा शब्द 'नॉइज', म्हणजे गोंगाट. सभामंडपात माइक स्पीकरसमोर आला की कान किटवणारी शिट्टी निघते, ती सर्वांनी ऐकलेली असते. विजेच्या गिटारचेही तसेच. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार थरथरली की गुंडाळीत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. गिटार स्पीकरसमोर धरली की तो आवाजच तारेला पुन्हा हलवतो, तार पुन्हा आवाज वाढवते, आणि चक्र सुरू होते. ॲम्प्लिफायरवर झेपेल त्याहून अधिक भार टाकला तर ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि स्वराला खरखरीत धार येते. तंत्रज्ञ ज्याला दोष म्हणत, त्याचेच काही वादकांनी वाद्य केले.

५/
गोंगाटाला संगीतात स्थान द्यावे, हे इटलीच्या लुइजी रुसोलो याने १९१३ सालीच एका जाहीरनाम्यात मांडले होते. जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली माँटेरीच्या महोत्सवात गिटारचा आक्रोश हजारोंसमोर वापरला. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' ह्या न्यूयॉर्कच्या बँडने १९६८ च्या तबकडीत तो कल्लोळ गाण्याच्या केंद्रस्थानी आणला. १९८१ साली न्यूयॉर्कच्या एका कलादालनात 'नॉइज फेस्ट' भरला आणि 'सॉनिक यूथ'सारखे बँड पुढे आले. 'नॉइज रॉक' हे नाव त्यानंतर रूढ झाले. 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ला आज 'सायकेडेलिक रॉक' ह्या खणात ठेवतात. घराणे तेच, नॉइज रॉक ही त्याच घराण्याची पुढची, अधिक कर्कश पिढी.

६/
मुंबईला पाश्चात्त्य वाद्ये नवी नव्हती. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकाराचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याच्या चर्चशाळांमध्ये स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत येत, रात्री हॉटेलात जाझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ ज्यांनी उभा केला, त्यांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. अनाम राहण्याची ही परंपरा रॉक बँडच्या आधीपासूनची आहे.

७/
पुढचा धक्का रेडिओने दिला. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी सुई 'रेडिओ सिलोन'कडे वळवली. १९५७ साली विविध भारती सुरू होईपर्यंत ही सवय पक्की झाली होती. त्याच लघुलहरींवर तरुणांना इंग्रजी गाणीही सापडली. बीटल्स ऐकून महाविद्यालयांत बँड निघू लागले. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन स्वतः मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण करून गेला. मुंबईचे तरुण लंडनकडे कान लावून बसले होते; लंडनचे लोक मुंबईकडे पाहत होते.

८/
उत्साह होता, साधने नव्हती. तो परवान्यांचा आणि जबर आयातशुल्काचा काळ. परदेशी गिटार वा ॲम्प्लिफायर सरळ दुकानातून घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. परदेशातून परतणारा नातेवाईक, जहाजावरचा खलाशी, देश सोडून जाणारा एखादा वादक ह्यांच्याकडून जुनी वस्तू मिळाली तर मिळाली. एरवी देशी बनावटीची गिटार आणि स्थानिक कारागिराने जुळवलेला ॲम्प्लिफायर. अशा यंत्रांवर आवाज वाढवला की तो फाटत असे. त्या काळच्या भारतीय रॉकमध्ये ऐकू येणारी खरखर काही अंशी आवडीची आणि काही अंशी अडचणीची आहे.

९/
ह्या बँडना पहिला मोठा मंच दिला तो एका सिगारेटने. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय स्पर्धा भरवली. कलकत्ता, मद्रास, बंगलोर, शिलाँग, मुंबई अशा ठिकाणचे बँड तीत उतरत. १९७० आणि १९७१ सालच्या स्पर्धकांच्या दोन तबकड्या निघाल्या. आज ह्या दोन तबकड्या त्या पिढीच्या भारतीय रॉकचे सर्वांत महत्त्वाचे पुरावे मानल्या जातात. म्हणजे एका संपूर्ण चळवळीची कागदपत्रे जपली गेली ती जाहिरातखात्याच्या खर्चाने. कंपनीला सिगारेट विकायची होती. इतिहास तिच्याकडून नकळत जपला गेला.

१०/
१९७१ साली लोणावळ्याजवळ मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानावरचा संगीतमेळा झाला. अमेरिकेतल्या वुडस्टॉकला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. कार्ले आणि भाजे लेण्यांच्या पायथ्याशी विजेच्या गिटारी वाजल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' ह्या डिस्कोथेकमध्ये त्यांनी हाताशी असलेल्या वाद्यांवर वाजवले आणि स्टुडिओत मुंबईच्या वादकांसह आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या ध्वनिफिती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. जगातल्या सर्वांत श्रीमंत बँडांपैकी एकाचे मुंबईतले काम त्रेचाळीस वर्षे कपाटात राहिले. तिथे स्थानिक बँडची काय कथा.

११/
'ॲटॉमिक फॉरेस्ट' उभा राहिला तो ह्या वातावरणात. त्याचा सूत्रधार कीथ कांगा. गायक मधुकर धस, गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रमवर व्हॅलेंटाइन लोबो ही त्यातील काही नावे. पारशी, हिंदू, ख्रिस्ती अशी आडनावे एका बँडमध्ये एकत्र यावीत, हे त्या काळच्या मुंबईचेच लक्षण. वादकांची ये-जा सतत चाले. आज एका बँडमध्ये असलेला गिटारवादक पुढच्या वर्षी दुसरीकडे दिसे, कारण चांगले वादक मोजके, चांगली वाद्ये त्याहून मोजकी आणि पोट भरण्याइतके काम तर सर्वांत मोजके.

१२/
अशा बँडना काम मिळे ते हॉटेलांत, महाविद्यालयांच्या महोत्सवांत आणि तरुणांच्या नाचाच्या कार्यक्रमांत. तिथल्या श्रोत्यांना हवी असत ती परदेशी गाणी, जशीच्या तशी. जी तबकडी भारतात मिळत नाही ती निदान मंचावर ऐकायला मिळावी, ही त्यांची अपेक्षा. त्यामुळे बँडची पत दुसऱ्याचे गाणे किती हुबेहूब वाजते ह्यावर ठरे. स्वतःचे गाणे वाजवणे म्हणजे धोका पत्करणे. त्यात हा श्रोतृवर्ग लहान होता : शहरी, इंग्रजी शिकलेला, बऱ्यापैकी सुस्थितीतला. गिरणगावातल्या, दादर-गिरगावच्या चाळींतल्या बहुसंख्य तरुणांपर्यंत हा आवाज पोहोचत नव्हता. भूमिगत असण्याचे हेही एक कारण होते आणि ते निव्वळ बाजाराच्या माथी मारता येत नाही.

१३/
तरीही बँडने तबकडी केली. नाव 'ऑब्सेशन ७७'; शिक्का पॉलिडोरचा. ह्याच कंपनीने १९७५ साली 'शोले'च्या गाण्यांची आणि संवादांची तबकडी घरोघरी पोहोचवली होती. त्या दशकात भारतीय रॉक बँडची स्वतंत्र, पूर्ण लांबीची तबकडी निघणे हीच अपूर्वाईची गोष्ट. तीत हेंड्रिक्सचे 'फॉक्सी लेडी' आहे, 'द गॉडफादर' चित्रपटाची धून आहे आणि बँडच्या स्वतःच्या रचनाही आहेत. शीर्षकाची रचना शब्दांविना चालते. बासरीसारखा वा सतारीसारखा 'भारतीय' मसाला परदेशी श्रोत्यासाठी मुद्दाम घातलेला नाही. मुंबईच्या रात्री जे वाजत होते, ते तिथे आहे.

१४/
तबकडी लोकांपुढे आली तोवर बँडची उमेदीची वर्षे सरली होती आणि हवाही पालटली होती. १९८० च्या 'कुर्बानी'तील 'आप जैसा कोई' हे गाणे देशभर वाजू लागले. त्याचा संगीतकार बिद्दू हा स्वतः साठीच्या दशकात बंगलोरच्या 'ट्रोजन्स' ह्या बँडमध्ये वाजवून लंडनला गेलेला. आता नाचायला जिवंत बँडची गरज उरली नाही. डिस्कोथेकमध्ये तबकडी पुरेशी होती. चार वादकांच्या मानधनापेक्षा तबकडी स्वस्त पडते, हे साधे व्यापारी गणित. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' आणि त्याच्या पिढीचे बँड विखुरले. कोणी नोकरी धरली, कोणी जाहिरातींचे संगीत केले, कोणी देश सोडला.

१५/
इथे कथेला मराठी वळण मिळते. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे हे मराठी रंगभूमीचे प्रसिद्ध जोडपे. त्यांचा मुलगा नंदू भेंडे मात्र विजेच्या गिटारीच्या नादी लागला. 'व्हेल्व्हेट फॉग' आणि पुढे 'सॅव्हेज एन्काउंटर' हे त्याचे बँड. घरात विनोदी नाटकांच्या तालमी आणि मुलगा इंग्रजी रॉक गाणारा, असा तो संसार. त्या काळच्या मुंबईच्या रॉक वर्तुळात मराठी मातृभाषेचे तरुण होते. पण मराठी नाटकाचे शब्दफेकीचे शिक्षण घरातच मिळालेला गायक विरळा. गाण्यात पात्र उभे करण्याची ती हातोटी लवकरच कामाला आली.

१६/
१९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा उभा केला. लंडनच्या अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ही निर्मिती येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा रॉक संगीतातून सांगते. तिच्यात सर्वांत अवघड गायकी आहे ती जुडासची, म्हणजे विश्वासघात करणाऱ्या शिष्याची. ती भूमिका नंदू भेंडे यांनी केली. एरवी अंधाऱ्या डिस्कोथेकमध्ये अडकलेला रॉकचा आक्रोश पहिल्यांदाच मुंबईच्या नाट्यरसिकांसमोर नाटकाच्या भाषेत उभा राहिला. गोंगाटाला संहिता मिळाली आणि त्याकडे ऐकण्याजोगी गोष्ट म्हणून पाहिले जाऊ लागले.

१७/
चार वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणला. जॉन गे यांचे 'बेगर्स ऑपेरा' १७२८ सालचे; त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ साली 'थ्री पेनी ऑपेरा' केला; आणि त्याचे मराठी रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे. दिग्दर्शक जब्बार पटेल. संगीताच्या बाजूला भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्यासह नंदू भेंडे होते आणि मुख्य पात्र असलेल्या अंकुशची भूमिकाही त्यांचीच. तमाशाचा बाज, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य रॉक एकाच रात्री एकाच मंचावर आले. चोर-भिकाऱ्यांच्या ह्या नाटकात अंकुशच्या वाट्याला रॉक यावा, ह्यात अर्थ आहे : प्रस्थापित समाजाबाहेरच्या माणसाला बाहेरचा आवाज दिला गेला.

१८/
म्हणजे मुंबईच्या भूमिगत रॉकचा मराठीतला पहिला ठळक ठसा तबकडीत सापडत नाही. तो नाटकात सापडतो. आणि नाटकाचा प्रयोग संपला की तोही हवेत विरतो. पुढे १९८२ च्या 'डिस्को डान्सर' चित्रपटात बप्पी लाहिरींच्या संगीतात नंदू भेंडे यांनी 'कृष्णा धरती पे आ जा तू' गायले. ज्या डिस्कोने रॉक बँडचे काम हिरावले, त्याच डिस्कोच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटात त्या पिढीच्या रॉक गायकाचा आवाज जतन झाला. एप्रिल २०१४ मध्ये भेंडे यांचे निधन झाले. देशभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले त्यांचे गाणे चित्रपटातले आहे. 'व्हेल्व्हेट फॉग'ची रात्र कशी वाजत असे, हे ती ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच उरले.

१९/
ह्याच मुंबईत, ह्याच वर्षांत मराठीची दुसरी एक भूमिगत चळवळ चालू होती. १९५४ च्या 'शब्द'पासून १९६३ च्या 'असो'पर्यंत आणि त्यापुढेही निघालेली अनियतकालिके. १९७२ सालचे नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा'. त्याच वर्षीचा दलित पँथर. ही अनियतकालिके बहुधा चक्रमुद्रित, मोजक्या प्रतींची, तोट्यातली. तरी त्यांचा इतिहास लिहिला गेला, त्यांच्यावर प्रबंध झाले. कारण उघड आहे : कागद हाताशी राहतो. पन्नास प्रतींतली एक प्रत कोणाच्या ट्रंकेत उरली तरी अभ्यासकाला पुरे. पाचशे लोकांसमोर वाजलेले गाणे ध्वनिमुद्रित झाले नसेल, तर पाचशे आठवणींतून त्याचा एक स्वरही परत मिळत नाही.

२०/
ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू जपानमध्ये दिसते. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात १९६७ साली ताकाशी मिझुतानी याने 'ले रालिझ देन्युदे' हा बँड काढला. कान बधिर करणारा गोंगाट ही त्याची ओळख. १९७० साली त्याच्या एका माजी सदस्याने साथीदारांसह जपानचे प्रवासी विमान पळवून उत्तर कोरिया गाठले. मिझुतानी मागे राहिला आणि उत्तरोत्तर अज्ञातवासी होत गेला. बँडने अधिकृत ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली ती थेट १९९१ साली, तीन सीडींच्या रूपात. तोवर आणि त्यानंतरही त्याची कीर्ती टिकवली ती श्रोत्यांनी चोरून केलेल्या ध्वनिफितींनी. मिझुतानीचे निधन २०१९ चे. जगाला ते कळले २०२१ मध्ये. त्याने नोंद टाळली, तरी श्रोत्यांनी नोंद ठेवली. मुंबईच्या बँडना नोंद हवी होती. ती ठेवणारी यंत्रणा नव्हती.

२१/
'ॲटॉमिक फॉरेस्ट'ला दुसरे आयुष्य लाभले ते संग्राहकांमुळे. एकविसाव्या शतकात जुन्या तबकड्या हुडकणाऱ्यांची एक जागतिक जमात तयार झाली. झांबिया, तुर्कस्तान, भारत अशा देशांतली विस्मृत रॉक ध्वनिमुद्रणे ते शोधू लागले. लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' ह्या कंपनीने २०११ साली 'ऑब्सेशन' नावाने ह्या बँडचे संगीत पुन्हा प्रसिद्ध केले आणि वादकांची कहाणीही मांडली. मुंबईत कोणाच्या खिजगणतीत नसलेला बँड परदेशी नियतकालिकांत परीक्षणाचा विषय झाला. आनंद वाटावा अशीच ही घटना. पण इथली वस्तू तिथल्या बाजाराने मौल्यवान ठरवल्यावर इथे तिची आठवण व्हावी, हा अनुभव हस्तलिखिते, मूर्ती आणि चित्रांच्या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वीही घेतला आहे.

२२/
पुढच्या पिढीने स्वतःची गाणी हा हट्ट पुरा केला. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातील परिचित नावे. १९८८ चा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांच्या मूळ गाण्यांचा संग्रह आणि १९९० चा 'द सेकंड कमिंग' ह्यांनी दाखवून दिले की, नक्कल न करताही श्रोते मिळतात. १९९३ साली बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. दरम्यान १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक मेळा भरू लागला होता. उघड्या आकाशाखालचे हेच रंगभवन १९७८ पासून 'जाझ यात्रे'चेही घर होते. स्वस्त तिकीट, रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याइतके अंतर, आणि शहराच्या सर्व टोकांवरून येणारी पोरे.

२३/
२००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम लागू झाले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचा परिसर 'शांतता क्षेत्र' ठरवण्याची तरतूद त्यांत आहे. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनाच्या आजूबाजूला ह्यातले जवळजवळ सर्वच होते. २००३ च्या सुमारास तिथले मोठे जलसे थांबले. रुग्णांच्या हक्काचा विचार करता नियमाचे समर्थनच करावे लागेल. आज डीजेच्या भिंतींमुळे गावोगावी हाच वाद पेटलेला आहे. पण शहराने रंगभवनाला तोलामोलाची दुसरी स्वस्त जागा दिली नाही, हेही तितकेच खरे. जागा गेली की तिच्याभोवती जमणारा समाजही पांगतो.

२४/
आता मूळ प्रश्नाकडे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य निवडक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तबकडी, ध्वनिफीत वा सीडी मात्र ह्या पुस्तकांच्या कायद्यात बसत नाही. म्हणून एखादी कंपनी बंद पडली, विकली गेली, गोदाम रिकामे झाले, की मूळ ध्वनिफितींचे काय झाले हे विचारायला जागा नसते. 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ची आठवण उरली ती कायद्याने नव्हे, योगायोगाने. ज्यांच्या वाट्याला तो योगायोग आला नाही, त्यांची नावे 'सिमला बीट'च्या जाहिरातींत आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या श्रोत्यांच्या बोलण्यात उरली आहेत.

२५/
१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पुढे त्यांची संख्या बावीस झाली. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे वाळवीच्या आधी गाठण्याची त्यांची धडपड होती. विसाव्या शतकाचे दप्तर कागदाइतकेच ध्वनिफितीत आहे. कॅसेटच्या पट्टीवरचा लोहभस्माचा थर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो. दमट हवेत तो सुटतो, पट्टीवर बुरशी धरते, आणि मग आवाज परत मिळत नाही. श्रीरामपूरच्या एखाद्या ऑर्केस्ट्राची, भीमजयंतीच्या जलशाची, गणेशोत्सवातल्या मेळ्याची कॅसेट कोणाच्या कपाटात असेल, तर तिची अवस्था आज मुंबईच्या रॉक बँडच्या ध्वनिफितींहून वेगळी नाही. तिच्यावर तारीख, गाव आणि गाणाऱ्यांची नावे लिहून ठेवणे आणि ती वाजते आहे तोवर संगणकावर उतरवून घेणे, हेच साधनसंकलन. राजवाड्यांना वाळवीशी शर्यत लावावी लागली. पुढच्या इतिहासकाराची शर्यत बुरशीशी आहे.

॥ धागा समाप्त ॥